मिडवेवरचा म्हातारा

शिकागो विद्यापीठात पहिला तास भरण्याआधीच तिथल्या फुटबॉलच्या मास्तराची नेमणूक ठरली होती. विल्यम रेनी हार्पर हा हिब्रूचा पंडित. येलमध्ये बायबलवरची त्याची व्याख्यानं गाजत. जॉन डी. रॉकफेलरच्या पैशावर शिकागोच्या दक्षिण भागात नवं विद्यापीठ उभारायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा माणसं जमवताना त्यानं मागेपुढे पाहिलं नाही. दुसऱ्या विद्यापीठांतले नावाजलेले शास्त्रज्ञ त्यानं चढा पगार देऊन फोडले. याच यादीत येलमधला त्याचा एक जुना विद्यार्थी होता, एमॉस अलोन्झो स्टॅग.

न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोघं भेटले. तिथं काय झालं ते स्टॅगनं पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे. हार्परनं आपला बेत मांडला आणि म्हणाला, पंधराशे डॉलर देतो. स्टॅग गप्प. बेत ऐकूनच तो इतका भारावला होता की पगाराकडे त्याचं लक्षच नव्हतं. हार्परला वाटलं, गडी घासाघीस करतोय. मग त्यानं दोन हजार आणि सहायक प्राध्यापकाची जागा देऊ केली. तरीही स्टॅग गप्पच. शेवटी अडीच हजार आणि सहयोगी प्राध्यापकपद, म्हणजे जन्माची नोकरी, इथवर मामला आला. न बोलता हजार डॉलर वाढवून घेणारा दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही.

या नेमणुकीचं नवल आज कळणार नाही. आपल्याकडे कॉलेजातल्या शारीरिक शिक्षण संचालकाला आता प्राध्यापकाच्या बरोबरीची वेतनश्रेणी असते, तरी स्टाफरूममध्ये तो ‘पीटीचे सर’च राहतो. १८९० च्या सुमाराच्या अमेरिकेत तर एवढंही नव्हतं. कॉलेजचा संघ विद्यार्थी चालवत, कॅप्टन म्हणेल ती पूर्वदिशा. फार तर एखादा माजी खेळाडू हंगामापुरता येऊन शिकवून जाई. अमेरिकन फुटबॉलचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो वॉल्टर कॅम्प पोटासाठी घड्याळांच्या कंपनीत नोकरी करायचा आणि फावल्या वेळात येलच्या पोरांना सल्ला द्यायचा. हार्परनं स्टॅगला विभागप्रमुख केलं, विद्वत्सभेत बसवलं, कायम केलं. हेतू चांगला होता. मास्तराची भाकरी सामन्याच्या निकालावर अवलंबून नसली की तो लांडीलबाडी करणार नाही, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब कितपत बरोबर निघाला, हीच स्टॅगच्या चाळीस वर्षांची कथा आहे.

स्टॅगचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. बाप चांभारकाम करायचा, घरात आठ भावंडं. शिकायला उशीर झाला. येलला पोचला तेव्हा वय बावीस, आणि तिथंही अर्धपोटी, माळ्यावरच्या गारठलेल्या खोलीत दिवस काढले. पण चेंडू फेकायचा तो असा की बेसबॉलमध्ये येलनं त्याच्या जिवावर हार्वर्ड-प्रिन्स्टनला नमवलं. व्यावसायिक क्लबांनी भरघोस पैसे देऊ केले. त्यानं ते नाकारले. धंदेवाईक बेसबॉलच्या भोवती दारूचे गुत्ते आणि जुगार असायचा आणि स्टॅगला धर्मोपदेशक व्हायचं होतं. त्यासाठी पदवीनंतर तो येलच्या धर्मशास्त्र शाखेत गेलाही. १८८९ मध्ये देशभरातल्या कॉलेज फुटबॉलपटूंचा पहिला निवडक संघ जाहीर झाला, त्यातही तो होता.

अडचण एकच होती, त्याला बोलता येईना. व्यासपीठावर उभा राहिला की जीभ टाळूला चिकटायची. प्रवचन करू न शकणारा पाद्री काय कामाचा? मग त्यानं ठरवलं की मैदान हेच आपलं चर्च. त्या काळात असं म्हणणारा तो एकटा नव्हता. वायएमसीएच्या मंडळींनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथं याच विचाराची शाळा काढली होती, आणि १८९० मध्ये स्टॅग तिथं शिकवायला गेला. त्याच्या फुटबॉल संघात एक कॅनडियन होता, जेम्स नेस्मिथ. १८९१ च्या डिसेंबरात थंडीत घरात खेळायला काहीतरी हवं म्हणून या नेस्मिथनं पीचच्या दोन टोपल्या गॅलरीला ठोकल्या आणि बास्केटबॉल जन्माला आला. ११ मार्च १८९२ ला त्याचा पहिला जाहीर सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५-१ नं जिंकले. शिक्षकांचा एकुलता एक गुण स्टॅगचा. फुटबॉलची सवय सुटत नसल्यानं तो समोरच्याला ढकलतच राहिला, असं तेव्हाच्या बातमीदारानंही नोंदवलं.

याच स्प्रिंगफील्डमधून शिकलेल्या हॅरी क्रो बकनं १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी भारताचा संघ घेऊन गेला. भारतातल्या कित्येक शाळांच्या पीटीच्या तासाची पाळंमुळं अशी त्या मॅसॅच्युसेट्सच्या गावात सापडतात.

१ ऑक्टोबर १८९२ ला शिकागो विद्यापीठ उघडलं आणि पहिल्या आठवड्यातच स्टॅगचा संघ शेजारच्या हाइड पार्क हायस्कूलच्या पोरांशी खेळला. गडी कमी पडत म्हणून तीस वर्षांचा मास्तर स्वतः अंगात जर्सी घालून उतरायचा. मैदान नव्हतं. मार्शल फील्ड या बड्या व्यापाऱ्यानं आपली मोकळी जागा दिली. कुंपणाच्या फळ्या स्टॅग आणि विद्यार्थ्यांनी मिळून ठोकल्या. कुंपण शोभेसाठी नव्हतं. कुंपण असलं की तिकीट लावता येतं.

विद्यापीठाच्या दक्षिणेला मिडवे नावाचा लांबरुंद पट्टा आहे. १८९३ मध्ये तिथं जागतिक प्रदर्शनाची जत्रा भरली होती, जगातला पहिला अवाढव्य फेरिस पाळणा तिथंच फिरला. (विवेकानंदांचं भाषण त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत झालं, पण ते तिथून काही मैलांवर, शहराच्या मध्यभागी.) प्रदर्शन संपलं, पाळणा हलला. शिकागोच्या माणसाला गर्दीची चटक लागली होती ती लागलीच. स्टॅगच्या संघाला पुढे लोक मिडवेचे राक्षस म्हणू लागले आणि खुद्द स्टॅगला मिडवेचा भीष्माचार्य.

हार्परला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण जाहिरातीतलं सगळं कळत होतं. देशभर फिरून सगळ्या कॉलेजांना चीत करतील असे संघ तयार कर, त्यांना आलिशान डबा देऊ, सुट्टी देऊ, असं त्यानं स्टॅगला सुरुवातीलाच लिहिलं होतं. १८९४ च्या नाताळात स्टॅगनं हे शब्दशः केलं. आगगाडीनं पोरांना थेट कॅलिफोर्नियाला नेलं आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डला २४-४ नं हरवलं. कॉलेजचा संघ असा अर्धा खंड ओलांडून खेळायला जातो, हे तोवर कुणी ऐकलं नव्हतं. १८९६ मध्ये मिशिगनविरुद्धचा सामना त्यानं शिकागोच्या कोलिझियम इमारतीत, छपराखाली घेतला. दुपार कलल्यावर विजेचे दिवे लागले आणि शिकागो ७-६ नं जिंकलं. आज क्रिकेटला रात्रीचे दिवे लागले म्हणून हळहळणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

हार्परचा एक किस्सा स्टॅगनंच लिहून ठेवला आहे. विस्कॉन्सिनशी सामना होता आणि पहिल्या अर्ध्यात शिकागोची पोरं फिकी पडली. मध्यंतरात कुलगुरू स्वतः खेळाडूंच्या खोलीत आले. रॉकफेलरसाहेबांनी आत्ताच विद्यापीठाला तीस लाख डॉलर जाहीर केलेत, म्हणाले. हे विद्यापीठ मोठं व्हावं अशी त्यांची इच्छा आहे, पण तुमचा पहिला अर्धा पाहून आपल्यात ती धमक आहे का अशी शंका येते. पोरं उठली आणि सामना मारला. हिब्रूच्या पंडितानं फुटबॉलच्या खोलीत तेलाच्या पैशाचा मंत्र म्हणावा, यापेक्षा त्या विद्यापीठाचं नेमकं चित्र मला तरी दुसरीकडे मिळालं नाही.

इकडे पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या प्रमुखांना खेळातला बेबंदपणा खुपत होता. आज या कॉलेजकडून खेळलेला गडी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडून खेळे. काहींचा वर्गाशी संबंधच नसे. जानेवारी १८९५ मध्ये शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात सात विद्यापीठांचे प्रमुख जमले आणि ८ फेब्रुवारी १८९६ ला प्राध्यापक-प्रतिनिधींची परिषद स्थापन झाली. पुढे हीच बिग टेन. खेळावर ताबा प्राध्यापकांचा असावा, हे तिचं सूत्र. इतर विद्यापीठांनी डॉक्टर, भाषेचे प्राध्यापक वगैरे पाठवले. शिकागोकडून आला स्टॅग. तोही प्राध्यापकच होता ना! ज्याच्यावर नजर ठेवायची तोच नजर ठेवणाऱ्यांच्या खुर्चीत. हार्परच्या त्या जन्माच्या नोकरीचा हा पहिला लाभ.

स्टॅग अप्रामाणिक होता असं मात्र म्हणता येणार नाही. दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. फार चिडला तर खेळाडूला ‘गाढव’ म्हणायचा. आणखी चिडला तर ‘दुप्पट गाढव’, आणि अपराध अक्षम्य असेल तर ‘तिप्पट गाढव’. त्याचे जुने खेळाडू म्हातारपणी एकत्र जमले की कोण कितीपट होता याचा हिशेब अभिमानानं मांडत. पाठीच्या दुखण्यानं पुढे त्याला उभं राहवेना, तेव्हा विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारीत बसून तो सराव घ्यायचा. गाडी थेट मैदानावर खेळाडूंच्या मागे फिरायची. बायको स्टेला ही शिकागोचीच विद्यार्थिनी. १८९४ मध्ये लग्न झालं आणि तेव्हापासून ती स्टँडमध्ये बसून प्रत्येक चालीची नोंद कागदावर आखत गेली. प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहून त्यांची हेरगिरीही करायची. आज ज्या कामाला विद्यापीठं संगणकतज्ज्ञांचा ताफा ठेवतात ते काम ही बाई पेन्सिलीनं करत होती, बिनपगारी.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं. १९०५ पर्यंत चेंडू पुढे फेकायला बंदीच होती, त्यामुळे सगळा जोर घोळक्यानं रेटण्यावर. शिरस्त्राण नावालाच. त्या हंगामात मैदानावर अठरा-एकोणीस मुलं मेल्याचा आकडा शिकागोच्या वर्तमानपत्रानं छापला. ऑक्टोबरात खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. आणि नेमक्या त्याच हंगामात स्टॅगला त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळाला.

३० नोव्हेंबर १९०५, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. समोर फील्डिंग यॉस्टचा मिशिगन, १९०१ पासून ५६ सामने न हरलेला. पंचवीस हजारांवर माणूस लोटलेला. खेळ असा अडला की कुणालाच गुण मिळेना. उत्तरार्धात शिकागोच्या वॉल्टर एकर्सॉलनं चेंडू लांब, मिशिगनच्या गोलरेषेपलीकडे लाथाडला. मिशिगनच्या डेनी क्लार्कनं तो झेलला. तिथंच टेकवला असता तर काही बिघडलं नसतं. पण तो चेंडू घेऊन पळत सुटला, आणि शिकागोच्या दोघांनी त्याला आदळून पुन्हा रेषेमागे रेटलं. नियमानं हे दोन गुण. शिकागो २, मिशिगन ०. एवढ्यावर सामना संपला. शहरात दिवाळी झाली. हार्पर तेव्हा कर्करोगानं अंथरुणाला खिळला होता. पुढच्या १० जानेवारीला तो गेला. आणि डेनी क्लार्क? त्या एका क्षणावरून त्याला जन्मभर टोमणे बसत राहिले. १९३२ मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमीत पुन्हा तोच सामना उकरला.

त्याच नोव्हेंबरात ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात एडवर्ड जॉर्डनची लेखमाला येत होती, फुटबॉलचे विजय कसे विकत घेतले जातात यावर. त्यात शिकागोचं नाव होतं आणि एकर्सॉलचंही. हा एकर्सॉल हाइड पार्क हायस्कूलचाच. विद्यापीठाला प्रवेशासाठी लागणारे विषयही त्याचे पुरे झालेले नव्हते. तो आला, खेळला, देशभर गाजला आणि पदवी न घेताच गेला. पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये खेळांवर लिहू लागला. त्याला अभ्यासात सांभाळून घेणारे हात कुणाचे होते? स्टॅगनं नियम मोडला असं बोट ठेवून दाखवणं कठीण आहे. पण १९०२ पासून तो देशभरातल्या शाळकरी मुलांची ॲथलेटिक्स स्पर्धा शिकागोच्या मैदानावर भरवायचा. मुलं येत, वसतिगृहात राहत, विद्यापीठ पाहत, बडे खेळाडू भेटत. नंतर १९१७ पासून शालेय बास्केटबॉलचीही अशीच राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. खेळाची सेवा म्हणा किंवा गिऱ्हाईक हेरायची युक्ती म्हणा. मला वाटतं स्टॅगच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच, आणि म्हणूनच त्याला रात्री शांत झोप लागत असावी.

१९०५ च्या वादळातून दोन गोष्टी झाल्या. देशपातळीवर पुढे एनसीएए म्हणून ओळखली जाणारी संघटना उभी राहिली आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. दुसरी गोष्ट पश्चिमेकडच्या परिषदेत झाली. मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजल यांच्या पुढाकारानं तिथं कडक नियम आले: हंगामात पाचच सामने, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बंदी, एकूण तीनच वर्षं खेळायची मुभा, आणि मास्तर हा विद्यापीठाचा रीतसर, बेताच्या पगाराचा नोकर हवा. गंमत पाहा, यॉस्टसारखे हंगामी मास्तर या नियमात अडकले, आणि चिडलेलं मिशिगन अखेर परिषदेतूनच बाहेर पडलं ते १९१७ पर्यंत. स्टॅगचं काहीच अडलं नाही. तो १८९२ पासून रीतसर नोकरच होता. सुधारकांनी बेबंद मास्तरांसाठी सापळा लावला आणि त्या सापळ्यानं स्टॅगचा सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी परस्पर दूर केला.

नव्या खुल्या खेळाचा फायदाही त्यानंच आधी उठवला. बळापेक्षा फसवणुकीच्या चाली, चेंडू लपवणं, झटपट पासेस यांत त्याचं डोकं अफाट चाले. सरावासाठी टांगलेला पोत्याचा बाहुला, जर्सीवरचे आकडे, खेळाडूंनी गोल करून चाल ठरवणं अशा कितीतरी गोष्टींचं श्रेय त्याला देतात. सगळंच खरं असेल असं नाही. शंभर वर्षं जगणाऱ्या माणसाच्या नावावर बरंच काही जमा होतं. पाच-पाच गड्यांच्या बास्केटबॉलचा कॉलेजांतला पहिला सामना मात्र त्याच्याच संघानं आयोवात जानेवारी १८९६ मध्ये खेळला, १५-१२ नं जिंकला, हे नक्की. बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्येही १९५९ मध्ये त्याला घेतलं गेलं. ऑलिंपिक समितीवर तो १९०६ पासून पाव शतक होता.

२८ ऑक्टोबर १९२२ चा प्रिन्स्टनविरुद्धचा सामना सांगितल्याशिवाय या माणसाची दुसरी बाजू दिसणार नाही. या सामन्याचं वर्णन टेलिफोनच्या तारेनं न्यूयॉर्कला नेऊन तिथून रेडिओवर ऐकवलं गेलं; एवढ्या लांबवरचं सामन्याचं प्रक्षेपण तोवर झालं नव्हतं. शिकागो पुढे होतं, शेवटी प्रिन्स्टननं २१-१८ अशी आघाडी घेतली. अखेरच्या मिनिटांत शिकागो गोलरेषेच्या तोंडाशी पोचलं. पोरं सरळ मधून धडका मारत होती आणि प्रिन्स्टनवाले अडवत होते. बाजूने पास टाका, एवढा निरोप बदली खेळाडूबरोबर आत धाडला असता तर सामना हातात होता. पण बदली खेळाडूकरवी निरोप पाठवणं शिष्टसंमत नाही, असं नियमसमितीनं म्हटलं होतं, आणि त्या समितीवर स्टॅग स्वतः होता. त्यानं निरोप धाडला नाही. शिकागो हरलं. बाकी सगळे मास्तर तो नियम सर्रास गुंडाळून ठेवत होते.

१९२४ मध्ये शिकागोनं सातवं आणि शेवटचं अजिंक्यपद मिळवलं. त्या वर्षी इलिनॉयच्या रेड ग्रेंजला, त्या काळच्या सर्वांत भीतीदायक धावपटूला, त्यांनी २१-२१ असं बरोबरीत रोखलं. मग उतार लागला. राज्य सरकारांची विद्यापीठं अवाढव्य झाली होती. त्यांच्याकडे खेळाडूंना झेपतील असे अभ्यासक्रम होते, शारीरिक शिक्षणाच्या पदव्या होत्या. शिकागोत तसलं काही नव्हतं, उलट अभ्यास दिवसेंदिवस कडक होत होता. स्टॅगचं मैदान पन्नास हजारांवर माणसं बसतील इतकं वाढलं आणि संघ लहान होत गेला.

१९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाला. वय तीस. अभिजात ग्रंथांचा भक्त, फुटबॉलविषयी उघड तिटकारा. सत्तरीला निवृत्ती, हा नियम त्यानं स्टॅगलाही लावला. ऑगस्ट १९३२ मध्ये स्टॅगला सत्तर पूर्ण झाली. जन्माची नोकरी म्हणून जे दिलं होतं ते संपलं. सल्लागारी स्वरूपाचं एक पद देऊ केलं गेलं. काम नसलेला हुद्दा त्याला नको होता. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या ‘कॉलेज ऑफ द पॅसिफिक’ या छोट्या कॉलेजात तो १९३३ मध्ये मास्तर म्हणून रुजू झाला. म्हातारा हट्टी आहे असं सगळे म्हणाले. १९३८ मध्ये तोच म्हातारा आपल्या पॅसिफिकच्या पोरांना घेऊन शिकागोला, ज्याला त्याचं नाव दिलं होतं त्या मैदानावर आला आणि त्यानं शिकागोला ३२-० नं धुतलं.

पुढच्याच वर्षी मिशिगननं शिकागोवर ८५-० केले. हार्वर्ड आणि ओहायो स्टेटनं प्रत्येकी ६१-०. चारच वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दिलं जाणारं आजचं हाइझमन पारितोषिक पहिल्यांदा याच विद्यापीठाच्या जे बर्वॅंगरला मिळालं होतं, हे खरं वाटू नये. डिसेंबर १९३९ मध्ये हचिन्सनं फुटबॉल बंद केलं. मैदान रिकामं पडलं, आणि रिकाम्या जागेला गिऱ्हाईक भलतंच मिळालं. पश्चिमेकडच्या स्टँडखाली रॅकेट खेळायचं एक कोर्ट होतं. तिथं एन्रिको फर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचल्या, युरेनियम भरलं, आणि २ डिसेंबर १९४२ च्या दुपारी माणसानं पहिल्यांदा अणूची नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली. ते स्टँड १९५७ मध्ये पाडलं; आज त्या जागेवर विद्यापीठाचं रेगेन्स्टाइन ग्रंथालय आणि शेजारी हेन्री मूरचं शिल्प आहे.

स्टॅग मात्र थांबत नव्हता. १९४३ मध्ये नौदलाचे प्रशिक्षणार्थी हाताशी मिळाले आणि पॅसिफिकनं भल्याभल्यांना पाणी पाजलं. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्याला वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक निवडलं. १९४६ नंतर पॅसिफिकलाही तो म्हातारा वाटू लागला. मग पेनसिल्व्हेनियातल्या ससक्वेहाना विद्यापीठात मुलगा मुख्य मास्तर होता, तिथं १९५२ पर्यंत बाप-लेकानं मिळून संघ चालवला. स्टेलाची तब्येत ढासळल्यावर तो स्टॉकटनला परतला आणि तिथल्या ज्युनिअर कॉलेजात पोरांना चेंडू लाथाडायला शिकवत राहिला. १९६० मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षांचा असताना, आता थांबायला हरकत नाही असं त्यानं कळवलं. १७ मार्च १९६५ ला तो वारला, वय १०२. त्याच्या ३१४ विजयांचा विक्रम अलाबामाच्या बेअर ब्रायंटनं १९८१ मध्ये मोडला.

शिकागोत १९६९ पासून पुन्हा रीतसर फुटबॉल आहे, पण एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत, जिथं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. त्या श्रेणीचा अंतिम सामना १९७३ पासून स्टॅगच्या नावानं खेळवला जातो. दुसरीकडे, स्टॅग ज्या परिषदेच्या स्थापनेला बसला होता त्या बिग टेनमध्ये आता अठरा विद्यापीठं आहेत आणि टीव्हीच्या हक्कांचे करार अब्जावधी डॉलरचे. या परिषदेनं २०१० मध्ये आपल्या अजिंक्यपदाच्या चषकाला दोन मास्तरांची नावं जोडून द्यायचं ठरवलं होतं, स्टॅग आणि पेन स्टेटचा जो पॅटर्नो. पॅटर्नोही असाच, एकाच विद्यापीठात सेहेचाळीस हंगाम मुख्य प्रशिक्षक, तत्त्वांचा माणूस म्हणून नावाजलेला. पहिला अंतिम सामना व्हायच्या आधी, २०११ च्या नोव्हेंबरात, त्याच्या जुन्या सहायकाला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या आरोपांखाली अटक झाली, पॅटर्नोला विद्यापीठानं काढलं, आणि चषकावरून त्याचं नाव पुसण्यात आलं. इतक्या मोठ्या मास्तराला विद्यापीठात जाब विचारणारं कुणी होतं की नाही, यावर मग चौकशी समित्यांनी शेकडो पानं लिहिली.